जंताचे औषध पाजलेल्या परसातल्या कोंबड्यांची अंडी पुन्हा केव्हा खावीत?

चिपळूणजवळच्या एका गावातील ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या परसात १४ कोंबड्या आहेत, बहुतेक गावठी आणि तीन-चार वनराजा या सुधारित जातीच्या. एक अंडे फोडताना त्यांना आत पांढरा दोरा दिसला. तो जंत असावा असे समजून त्यांनी १२ जूनला सकाळी गोठ्यात ठेवलेल्या अल्बेंडाझोलच्या बाटलीतले दोन झाकणे औषध, म्हणजे अंदाजे २० मिलिलिटर, पिण्याच्या पाण्यात मिसळून कोंबड्यांपुढे ठेवले. त्यानंतर तीन दिवस घरात त्याच कोंबड्यांची अंडी खाल्ली गेली आणि खाणाऱ्यांत तिसरा महिना चालू असलेली त्यांची धाकटी जाऊही होती. आता त्यांना काळजी लागली आहे. खाल्लेल्या अंड्यांचा अपाय होईल का, पुढची अंडी किती दिवस बाजूला ठेवायची, ती उकडून चालतील का, खुडूक कोंबडीखाली उबवायला ठेवता येतील का, आणि जंताच्या औषधानंतर थांबावेच लागत नाही असे जे शेजारी सांगतात ते खरे का, हे त्यांनी विचारले आहे.

ताई, जावेविषयीची काळजी सर्वांत मोठी असणार, म्हणून आधी त्याविषयी. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना जी चघळायची गोळी देतात, ती अल्बेंडाझोलचीच असते आणि दोन वर्षांवरील मुलाला तिच्यातून एका वेळी ४०० मिलिग्रॅम औषध मिळते. तुमच्या बाटलीवर २.५ टक्के लिहिलेले असेल, तर तुम्ही घातलेल्या २० मिलिलिटरमध्ये एकूण ५०० मिलिग्रॅम औषध होते, म्हणजे सगळ्या १४ कोंबड्यांत मिळून एका गोळीहून थोडे अधिक. त्यातले बरेचसे कोंबडीच्या विष्ठेवाटे बाहेर पडते आणि अंड्यात उतरतो तो अगदी लहान अंश. दोन-चार अंड्यांतून माणसाच्या पोटात गेलेले औषध गोळीच्या तुलनेत फारच थोडे ठरते, त्यामुळे घरातील कोणालाही यामुळे उपचारांची गरज पडेल असे मला वाटत नाही. मात्र गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत अल्बेंडाझोल टाळावे असा वैद्यकीय नियम आहे, कारण प्राण्यांवरील प्रयोगांत या गटातील औषधांचा गर्भावर दुष्परिणाम दिसलेला आहे. म्हणून जावेने पुढच्या तपासणीत ही गोष्ट डॉक्टरांना सांगावी, घाबरून जाऊ नये, आणि या कोंबड्यांची अंडी तिला तूर्त अजिबात देऊ नयेत.

आता मुख्य प्रश्न. बाटली २.५ टक्क्यांची असेल तर १२ जूनपासून १४ दिवस, म्हणजे २६ जूनपर्यंतची सगळी अंडी बाजूला काढा आणि २७ जूनपासून घातलेली अंडी खा. बाटली १० टक्क्यांची निघाली, किंवा लेबल फाटल्यामुळे ते कळायला मार्गच नसेल, तर २१ दिवस थांबा, म्हणजे ४ जुलैपासूनची अंडी वापरा. जावेसाठी बाटली कोणतीही असली तरी ४ जुलै हीच तारीख धरा. औषध दिले तो दिवस शून्य समजायचा आणि दुसऱ्या दिवसापासून मोजायचे. हे १४ आणि २१ दिवस कोणत्या लेबलवर छापलेले नाहीत. परसातल्या कोंबड्यांसाठी मी गेली अनेक वर्षे जो हिशेब धरत आलो आहे तो हा आहे, आणि त्यामागचे कारण समजले तर पुढच्या वेळी तुम्हाला कोणाला विचारावे लागणार नाही, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

तुम्ही अंडी घालणारी गावठी कोंबडी कधी साफ केली असेल, तर तिच्या पाठीच्या कण्याला लागून पिवळ्या गोळ्यांचा घोस पाहिलाच असेल. त्यात एक गोळा आवळ्याएवढा असतो, त्याच्या शेजारचा करवंदाएवढा, मग वाटाण्याएवढा, आणि मागे मोहरीसारख्या बारीक दाण्यांचा पुंजका असतो. हे सगळे होऊ घातलेल्या अंड्यांचे बलक आहेत. मोहरीएवढा दाणा वाढीला लागला की पुढच्या साधारण दहा दिवसांत तो आवळ्याएवढा होतो, आणि या दहा दिवसांत कोंबडीच्या यकृतात तयार झालेली चरबी आणि प्रथिने रक्तावाटे येऊन त्याच्यावर थरावर थर बसत जातात, जशी झाडाच्या खोडात वर्षागणिक वर्तुळे पडतात. पूर्ण वाढलेला बलक सुटून अंडनलिकेत उतरला की पुढचे सगळे काम जेमतेम एका दिवसाचे असते. सुमारे तीन तासांत त्याच्याभोवती पांढरा चढतो, मग पातळ पडदे येतात, आणि कवच घट्ट व्हायला वीसेक तास लागतात.

यावरून दिसेल की औषध अंड्याच्या पांढऱ्यात आणि बलकात निरनिराळ्या वेळी पोहोचते. पांढरा एका दिवसात तयार होतो, त्यामुळे कोंबडीच्या रक्तातले औषध उतरले की एक-दोन दिवसांत तो स्वच्छ होतो. बलकाचे तसे नाही. १२ जूनला घोसात जे पाच-सहा बलक वेगवेगळ्या आकाराचे होते, त्या प्रत्येकावर त्या दिवशीचा थर औषधासकट बसला. आवळ्याएवढ्या बलकावर तो अगदी बाहेरचा पातळ थर होता आणि ते अंडे दुसऱ्याच दिवशी खुराड्यात आले. वाटाण्याएवढ्या बलकात मात्र औषध आतल्या बाजूला राहिले, वरून स्वच्छ थर चढत गेले, आणि ते अंडे आठवड्याभराने बाहेर पडले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे अंडे सर्वांत वाईट आणि पुढचे आपोआप चांगले, असा सरळ उतार म्हणूनच नसतो. बलकातील औषधाचे प्रमाण आधी काही दिवस वाढून मग उतरू शकते. त्यातच अल्बेंडाझोल यकृतात गेल्यावर त्याची निरनिराळी रूपे होतात आणि अवशेष तपासताना मूळ औषधाबरोबर त्या रूपांचाही हिशेब धरावा लागतो.

गावठी कोंबडीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. व्यावसायिक लेअर, म्हणजे खास अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी, जवळजवळ रोज अंडे घालते, त्यामुळे तिच्या घोसातला प्रत्येक बलक ठरलेल्या दिवशी बाहेर पडतो. गावठी कोंबडी एक दिवसाआड घालते, पावसाने झोडपले की दोन दिवस थांबते, कुत्रा मागे लागला तरी खाडा करते. अशा कोंबडीच्या पोटात १२ जूनला वाढत असलेला बलक अकराव्या किंवा बाराव्या दिवशीही अंडे होऊन येऊ शकतो. दहा दिवसांच्या वाढीत ही ढिलाई मिळवली की माझे १४ दिवस होतात.

कायदा काय म्हणतो तेही सांगितले पाहिजे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांतील नियम ९७ मध्ये २०१२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून अन्न देणाऱ्या जनावरांच्या औषधाच्या वेष्टनावर त्या जनावरासाठीचा विथड्रॉवल पिरियड, म्हणजे औषध दिल्यानंतर दूध, अंडी किंवा मांस न वापरण्याचा काळ, छापणे बंधनकारक आहे. जिथे असा काळ तपासून ठरवलेला नाही, तिथे अंडी आणि दुधासाठी किमान ७ दिवस आणि कोंबडी व इतर जनावरांच्या मांसासाठी किमान २८ दिवस धरावेत असे तोच नियम सांगतो. यातला ‘किमान’ हा शब्द नीट वाचायला हवा. गाईम्हशींसाठी तयार केलेले औषध अंदाजाने पाण्यात टाकून कोंबडीला पाजले, तर सात दिवसांत ते अंड्यातून पूर्ण जाईल अशी हमी त्या नियमातून मिळत नाही. बलकाची वाढच दहा दिवसांची असताना सातव्या दिवशी निर्धास्त होणे मला पटत नाही. मांसाचे २८ दिवस मात्र लक्षात ठेवा. यंदा आखाडात कोंबडी कापायची असेल किंवा राखणीसाठी कोंबडा द्यायचा असेल आणि त्यानेही ते पाणी प्यायलेले असेल, तर १० जुलैपर्यंत त्याला हात लावू नये.

बाटलीच्या टक्केवारीवर मी एवढा भर का देतो ते आकड्यांतून कळेल. दीड किलोची एक, अशा १४ कोंबड्यांचे वजन २१ किलो भरते. कोंबड्यांना अल्बेंडाझोल साधारणपणे किलोमागे ५ ते २० मिलिग्रॅम या पट्ट्यात दिले जाते. किलोमागे १० मिलिग्रॅम धरले तर सगळ्या कळपाला २१० मिलिग्रॅम पुरे, म्हणजे २.५ टक्क्यांच्या बाटलीतले जेमतेम साडेआठ मिलिलिटर. तुम्ही २० मिलिलिटर घातले, तेव्हा किलोमागे सुमारे २४ मिलिग्रॅम गेले. हे थोडे जास्त आहे, पण कोंबड्यांना त्यातून इजा होण्याची शक्यता कमी. तीच बाटली १० टक्क्यांची असेल तर २००० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ९५ मिलिग्रॅम गेले, आणि हे प्रमाण मला मान्य नाही. मोठ्या मात्रेनंतर, विशेषतः नवी पिसे फुटत असताना, वेडीवाकडी पिसे येऊ शकतात आणि काही दिवस अंडी कमी होऊ शकतात. दोन्ही बाटल्या दुकानात शेजारी शेजारी असतात, रंगरूपही सारखेच असते, आणि टक्केवारीचा आकडा बारीक अक्षरात छापलेला असतो.

आणखी एक गोष्ट पाण्याची. अल्बेंडाझोल पाण्यात विरघळत नाही, ते बारीक चुन्यासारखे तरंगत राहते आणि अर्ध्या-पाऊण तासात तळाला बसते. परातीत वरवरचे पाणी पिणाऱ्या दांडग्या कोंबड्यांना थोडे औषध मिळते, आणि मार खाऊन मागे राहिलेली दुबळी कोंबडी शेवटी येऊन तळाचा दाट गाळ पिते. कोणत्या कोंबडीने किती घेतले हे सांगता येत नाही, म्हणून सगळ्या कळपाची अंडी सर्वांत जास्त औषध घेतलेल्या कोंबडीच्या हिशेबाने धरावी लागतात. कोंबड्या थोड्या असतील तर हे औषध सुईशिवायच्या इन्सुलिन सिरिंजने एकेकीच्या चोचीत सोडणे उत्तम. संध्याकाळी त्या खुराड्यात शिरल्या की पकडणे सोपे जाते. दीड किलोच्या कोंबडीला २.५ टक्क्यांचे ०.६ मिलिलिटर पुरते. चोचीच्या कडेने, जिभेवर हळूहळू थेंब सोडायचे. घाईने घशात ढकलले तर औषध श्वासनलिकेत जाऊन कोंबडी दगावते. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत अशी एक कोंबडी गमावली आहे आणि त्या घरातल्या आजींचा चेहरा अजून आठवतो.

शेजारी जे सांगतात त्यात तथ्याचा अंश आहे, पण तो दुसऱ्या औषधाचा आणि दुसऱ्या पद्धतीचा आहे. फेनबेंडाझोल नावाचे अल्बेंडाझोलच्याच गटातले औषध आहे. पाण्यातून देण्यासाठी खास बनवलेले त्याचे एक रूप युरोपात आणि अमेरिकेत अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी मान्य झाले आहे. ते किलोमागे रोज १ मिलिग्रॅम याप्रमाणे सलग पाच दिवस द्यायचे असते आणि त्याचा अंड्यांसाठीचा प्रतीक्षाकाळ शून्य दिवस आहे. मात्र शून्य दिवस याचा अर्थ अंड्यात औषध उतरतच नाही असा नाही. त्या ठरावीक मात्रेत अंड्यात उतरणारे औषध ठरवून दिलेल्या मर्यादेच्या खाली राहते, एवढाच त्याचा अर्थ आहे. युरोपात ती मर्यादा अंड्याच्या एका किलोमागे १३०० मायक्रोग्रॅम आहे. शेळ्यामेंढ्यांसाठीच्या फेनबेंडाझोलची गोळी कुटून कोंबडीला दिली की मात्रा अनेक पटींनी वाढते आणि त्या मर्यादेचा आधार उरत नाही. म्हणून शून्य दिवसांची सवलत फक्त त्या उत्पादनाला, त्या मात्रेला आणि त्या पद्धतीला आहे. तुमच्या बाटलीला ती लागू होत नाही.

बाजारात मिळणाऱ्या बाकीच्या औषधांविषयी माझे मत थोडक्यात सांगतो. पिपेराझिन हे जुने औषध पाण्यात चांगले विरघळते, त्यामुळे सगळ्या कोंबड्यांना ते सारखे मिळते आणि शरीरातूनही लवकर निघून जाते. त्याचा उपयोग मात्र मोठ्या गोलकृमींपुरताच आहे, पट्टकृमी आणि केसासारखे बारीक कृमी त्याला दाद देत नाहीत. अंडी चालू असलेल्या कळपात गोलकृमीच सापडले असतील तर मी आधी याचाच विचार करतो आणि लेबलवर दुसरे काही नसेल तर सात दिवस अंडी बाजूला ठेवायला सांगतो. लेवामिसोलही पाण्यात विरघळते आणि कामही चांगले करते, पण माणसांची अंडी देणाऱ्या कोंबड्यांना ते देण्यास युरोपात परवानगी नाही आणि माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशींवर त्याचा दुष्परिणाम नोंदवलेला आहे. ज्या घरात अंडी रोज ताटात येतात तिथे मी ते वापरत नाही.

सर्वांत जास्त चिंता मला आयव्हरमेक्टिनची वाटते. कोंबड्यांना पिसवा आणि उवा झाल्या की जनावरांचे इंजेक्शन तोंडावाटे किंवा मानेवर थेंब टाकून देण्याची रीत गावोगाव पसरली आहे. हे औषध चरबीत मुरते आणि बलक हा मुळात चरबीचाच गोळा आहे, त्यामुळे ते बलकात जाऊन बसते आणि तिथून निघायला वेळ घेते. अंडी देणाऱ्या कोंबडीला ते देऊच नये असे मी म्हणतो, आणि कोणी आधीच दिले असेल तर चार आठवडे अंडी खाऊ नयेत असे सांगतो. पिसवांसाठी खुराड्याच्या लाकडी फटी कढत पाण्याने धुणे आणि कोंबड्यांना लोळायला चुलीतली राख मिसळलेली कोरडी माती ठेवणे हे आधी करून पाहावे.

उकडल्याने किंवा तळल्याने औषध जाईल का, याचे उत्तर नाही असे आहे. उष्णतेने जंतू मरतात, पण या औषधांचे रेणू घरच्या आचेवर नष्ट होतील असे धरून चालता येत नाही. लेवामिसोल आणि आयव्हरमेक्टिन तर उकळत्या पाण्यातही टिकून राहतात. अंडे नीट शिजवावे ते साल्मोनेला जंतूंसाठी, आणि ते कारण वर्षभर लागू आहे. औषध कवचावर नसून आत असते, म्हणून अंडी धुऊनही या बाबतीत काही साधत नाही. पांढरा खाऊन बलक टाकावा असेही काही जण सुचवतात. पांढरा लवकर स्वच्छ होतो हे मी वर सांगितलेच आहे, पण घरातले लहान मूल किंवा पाहुणा कोणते अंडे कसे खाईल यावर नजर ठेवणे कठीण असते, म्हणून अख्खे अंडेच बाजूला ठेवलेले बरे.

बाजूला काढलेल्या अंड्यांवर कवचालाच पेन्सिलने तारीख घाला आणि ती टोपलीत इतर अंड्यांबरोबर ठेवू नका. अंड्यांची ओळख पटावी म्हणून नव्याने आणलेल्या, औषध न पाजलेल्या कोंबड्यांच्या पायाला रंगीत लोकर बांधून त्या वेगळ्या खुराड्यात ठेवाव्या लागतात, कारण एकाच डालग्यात घातलेले अंडे कोणाचे हे नंतर कोणीच सांगू शकत नाही. टाकायची अंडी खड्ड्यात खोल पुरा. ती कुत्र्याला घालू नका, आणि विशेषतः कोंबड्यांनाच परत चारू नका. कॅल्शियम मिळावे म्हणून अंड्याचे कवच कुटून कोंबड्यांना देण्याची आपल्याकडे चांगली पद्धत आहे, पण या दोन-तीन आठवड्यांत ती थांबवा, कारण कवचाला चिकटलेल्या पांढऱ्याबलकासोबत औषधही पुन्हा त्यांच्याच पोटात जाते. विकायची तर ही अंडी मुळीच नाहीत. गावठी अंड्याला लोक जास्त पैसे देतात ते बाळंतिणीसाठी, आजाऱ्यासाठी आणि लहान मुलांसाठी, आणि अंड्यात काय आहे हे त्यांना पाहून कळणे शक्य नसते.

खुडूक कोंबडीखाली ठेवण्याविषयी मी सावध राहायला सांगेन. पिल्ले खायची नसतात, त्यामुळे अवशेषाचा प्रश्न तिथे येत नाही, पण जी औषधे गर्भाच्या वाढीला बाधक ठरू शकतात ती भरलेल्या बलकावर गर्भाला २१ दिवस वाढवणे मला योग्य वाटत नाही. मात्रा नक्की माहीत नसताना तर नाहीच. २७ जूनपासूनची, किंवा बाटली १० टक्क्यांची असल्यास ४ जुलैपासूनची अंडी उबवायला घ्या. तोपर्यंत खुडूक बसलेल्या कोंबडीला मोडायचे नसेल तर शेजारच्या, औषध न पाजलेल्या कोंबड्यांची अंडी तिच्याखाली ठेवता येतील.

आता ज्या दोऱ्यापासून हे सगळे सुरू झाले त्याकडे वळतो, कारण तुमच्या वर्णनावरून मला दाट शंका आहे की तो जंत नव्हताच. प्रत्येक अंड्यात बलकाच्या दोन बाजूंना पांढरट, पीळ पडलेल्या दोऱ्या असतात. बलक अंड्याच्या मधोमध राहावा म्हणून त्या त्याला दोन्ही टोकांकडे बांधून ठेवतात, आणि अंडे जितके ताजे तितक्या त्या ठळक दिसतात. गावठी अंडी ताजी खाल्ली जातात म्हणून त्यांत ती दोरी हमखास नजरेत भरते. बोटाने ओढून पाहा: ती बलकाला चिकटलेली असते, चिकट आणि लिबलिबीत असते, आणि दाबली की फुटते. कोंबडीच्या आतड्यातला गोलकृमी कसा असतो तेही सांगतो. तो पिवळसर पांढरा, गुळगुळीत, शिजलेल्या शेवयांसारखा पण ताठ असतो, दोन्ही टोके निमुळती असतात, लांबी तीन-चार इंचांपर्यंत जाते, आणि तो कशालाही चिकटलेला नसतो. क्वचित असा कृमी गुदद्वाराजवळून वाट चुकून अंडनलिकेत चढतो आणि त्याच्यावर कवच चढून अंड्यात बंद होतो. माझ्या इतक्या वर्षांत मी असे अंडे दोनदाच प्रत्यक्ष पाहिले आहे. पाहायला किळसवाणे असले तरी कोंबडीचा हा कृमी माणसाच्या पोटात वाढत नाही.

म्हणून पुढच्या वेळी औषधाच्या बाटलीआधी विष्ठा तपासून घ्या. सकाळी खुराडे उघडताना दहा-बारा ठिकाणची ताजी विष्ठा चमचाभर गोळा करून झाकणाच्या डबीत घालायची आणि त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यायची. सूक्ष्मदर्शकाखाली कृमींची अंडी दिसली तर कोणता कृमी आहे हे कळते आणि औषध त्यानुसार निवडता येते. विष्ठेवर भाताच्या शितासारखे हलणारे पांढरे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे असतात. हे कृमी मुंग्या, भुंगेरे आणि माश्या खाल्ल्याने कोंबडीत येतात, त्यामुळे त्यांच्यासाठी उकिरडा खुराड्यापासून दूर नेणे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. गोलकृमींची अंडी ओल्या मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतात, आणि कोकणातल्या पावसात खुराड्याखालचा तूस भिजला की तो त्यांचा कारखानाच होतो. तूस दर आठवड्याला उलथून कोरडा ठेवा, भिजलेला काढून टाका.

अंडी वाया जाऊ न देता औषध पाजायची योग्य वेळही असते, आणि गावठी कोंबड्यांच्या बाबतीत ती निसर्गानेच दिली आहे. कोंबडी खुडूक बसली की तिच्या पोटातला तो पिवळा घोस आटून जातो. २१ दिवस ती अंडी उबवते आणि त्यानंतर दीड-दोन महिने पिल्ले घेऊन हिंडते, या काळात ती अंडे घालत नाही. पिल्ले निघाल्यावर आठवड्याभराने तिला योग्य मात्रेत औषध दिले, तर ती पुन्हा घालायला लागेपर्यंत औषध अंगातून निघून गेलेले असते आणि एकही अंडे टाकावे लागत नाही. तलंगांना पहिले अंडे येण्याआधी महिनाभर द्यावे. वनराजा सहसा खुडूक बसत नाहीत, त्यांना पिसे गळून अंडी थांबतात त्या वेळी द्यावे, मात्र नवी पिसे नीट फुटून आल्यावर आणि मोजून. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस द्यायची असेल तर जंताचे औषध तिच्या आठवडाभर आधी द्यायचे, म्हणजे कोंबडीला लसीचा पुरेपूर फायदा होतो.

तारखेच्या बाबतीत एक चूक फार घडते. काही औषधे तीन किंवा पाच दिवस सलग द्यायची असतात आणि घरातले लोक पहिल्या दिवसापासून मोजतात. मोजणी नेहमी शेवटच्या मात्रेपासून करायची. एका बचत गटाच्या कुक्कुटपालनात हीच गफलत झाली होती. औषधाचे पाच दिवसही मोजणीत धरल्यामुळे अंडी पाच दिवस आधीच बाजारात गेली. तेव्हापासून मी प्रत्येकाला भिंतीवरच्या कालनिर्णयावर दोन खुणा करायला सांगतो, शेवटच्या मात्रेच्या दिवशी एक आणि अंडी पुन्हा सुरू करायच्या दिवशी दुसरी, आणि शेजारी औषधाचे नाव, टक्केवारी आणि किती मिलिलिटर दिले ते लिहायला.

तुम्ही आज एवढेच करा. गोठ्यातली बाटली उजेडात आणून तिच्यावर २.५ आहे की १० आहे ते वाचा, सोबत मुदतीची तारीख पाहा, आणि बाटलीचे झाकण पाण्याने भरून ते सिरिंजने मोजा. झाकण दहा मिलिलिटरचे आहे हा तुमचा अंदाज आहे, प्रत्यक्षात ते पंधराचे निघाले तर वरचा सगळा हिशेब दीडपट करावा लागेल, आणि तसे झाले तर बाटली २.५ टक्क्यांची असली तरी ४ जुलैच धरा.